एकट्या माणसाला शेगडी नाही

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरातल्या माझ्या खोलीवर रामेनचं पाकीट उकळून खाल्लंय आणि राग अजून गेलेला नाही. लिहूनच मोकळी होते.

आठवडा फार वाईट गेला. सकाळपासून मनात होतं, आज सामग्योप्साल खायचं. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे पदर, साल म्हणजे मांस. डुकराच्या पोटाकडचं, मांस-चरबीचे पदर असलेलं, टेबलावरच्या शेगडीवर आपल्यासमोर भाजतात ते. दुकानाच्या दारात पोचले. आतल्या मुलानं एक बोट वर केलं, एकट्याच? हो म्हटलं. त्यानं दोन्ही हातांची फुली करून दाखवली. दोघांचं मागवते म्हटलं, दोघांचे पैसे देते म्हटलं. तरी फुलीच. आतली दोन रिकामी टेबलं मला दारातून दिसत होती.

मी काय भीक मागत होते का?

ज्या देशात २०२३ साली शंभरातली पस्तीस घरं एकट्या माणसाची होती, तिथे एकट्यानं जेवायला बसायचं नाही? एकट्यानं जेवण्याला यांच्याकडे शब्दसुद्धा आहे, होनबाप. शब्द आहे, टेबल नाही.

मला २०१९ चा जानेवारी आठवला. इथला माझा पहिला हिवाळा, बाहेर उणे दहा. ऑफिसात माझ्याशी कामापलीकडे कुणी बोलत नव्हतं, बोललं तरी मला कळत नव्हतं. पाल्दालमुनच्या, म्हणजे सुवॉनच्या जुन्या वेशीच्या, मागच्या गल्लीत एक पाच टेबलांचं दुकान होतं. काच धुरकटलेली. मी आत गेले आणि आपणहून एक बोट वर केलं. तिथल्या इमोनं काही न बोलता खुर्ची ओढून दिली. इमो म्हणजे आईची बहीण. जेवण वाढणाऱ्या बाईला इथे इमो म्हणतात, आपण मावशी म्हणतो अगदी तसं.

मला भाजता येत नव्हतं. मी चिमट्यानं सारखी पट्टी उलटत होते. इमोनं माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. उतरत्या लोखंडी तव्यावर पट्टी आडवी ठेवली आणि हात लावला नाही. चरबी उताराला लागली, तिथे तिनं किमची सरकवली. कडा सोनेरी झाल्यावर एकदाच उलटलं. मग कात्रीनं अंगठ्याएवढे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा कापलेल्या बाजूवर उभा केला. लेट्यूसचं पान तळहातावर, त्यावर उग्र वासाचं क्केन्निपचं पान, तीळतेल-मिठात बुडवलेला तुकडा, लसणाची चकती, बोटभर साम्जांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची तिखट-खारट चटणी. पुरचुंडी करून माझ्या हातात दिली. मी अर्धी तोडली तर रागावली. हान इप! एकच घास! दुसरी तिनं हातात दिलीच नाही, सरळ तोंडापाशी आणली. आऽ कर म्हणाली.

सव्वीस वर्षांची होते मी. आईनं शेवटचा घास कधी भरवला होता तेही आठवत नव्हतं. तिथे बसून रडले. इमो म्हणाली, मानी मोगो. पोटभर खा.

हो, माहीत आहे, कोळसा पेटवा, जाळी बदला, पानं-किमची कितीदाही मागा, त्याचे पैसे नाहीत. चौघांचं टेबल एकीनं अडवलं तर शुक्रवारी दुकानाला परवडत नसेल. मान्य. पण इमोची तर पाचच टेबलं होती.

मघाशी एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर म्हणते, घरी तव्यावर भाज की, स्वस्त पडेल. अगं, भाजता येतं मला आता! भाजून देणारं कोण आहे इथे? बार्शीला हुरड्याच्या आगटीभोवती बसतो तेव्हा अण्णा गरम कणसं हातावर चोळतात, तळवे लाल होतात, पण पहिली मूठ कधी स्वतःच्या तोंडात टाकत नाहीत. कुणी सांगेल का त्यांना, हुरडा गॅसवर भाजा, सोपं पडेल? इथेही तेच आहे. ज्याच्या हातात कात्री, तो सगळ्यात शेवटी जेवतो. जो एकटा आलाय त्याला तर कुणीतरी भाजून द्यायची जास्त गरज आहे, आणि त्यालाच तुम्ही दारातून परत पाठवता.

तो मुलगा मात्र विशीतलाच होता. मालकानं सांगितलं ते करत होता. फुली करताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याच्यावर नाही राग माझा.

इमोचं दुकान २०२१ मध्ये बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. नाव कधी विचारलंच नाही मी तिचं, इमोच म्हणत राहिले.

सुवॉन, योंगिन, ह्वासोंग, कुठेही असा, मराठी असा नसा. उद्या शनिवारी ज्याला एकट्यानं जेवायचं नाहीये त्यानं मेसेज करा. डुक्कर चालत नसेल तर गाल्बी, म्हणजे बीफच्या भाजलेल्या बरगड्या, घेऊ, बीफही नको असेल तर कोंबडीचं दुकान माहीत आहे मला. सात वाजता पाल्दालमुनपाशी उभी असेन. चिमटा आणि कात्री मी घेणार, तुम्ही फक्त बसायचं.