वीतभर प्लेटीसाठी अख्खा गिअरबॉक्स

चढावर गाडी आवाज विमानाचा काढते आणि वेग बैलगाडीचा धरते, तेव्हा मालकाचा पहिला संशय पेट्रोलवर जातो. मग फिल्टरवर, मग प्लगवर, मग मागे बसलेल्या पाहुण्यांच्या वजनावर. क्लचचं नाव निघतं सगळ्यात शेवटी, तेही बंद काचांच्या आत जळका वास शिरल्यावर. पेट्रोल बिचारं इमानेइतबारे जळत असतं, आरपीएमचा काटाही वर जात असतो. फक्त ती ताकद चाकांपर्यंत पोचायच्या आत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली क्लचप्लेट हातावर तुरी देते.

संशय फेडायला सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा टुणकन वर गेला आणि वेग होता तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. उभ्या गाडीची परीक्षाही आहे. हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, समोर भिंत किंवा माणूस नको. तिसरा गिअर टाकून १५०० आरपीएमला क्लच सावकाश सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं की हुश्श म्हणायचं. बंद पडून पास होणारा परीक्षार्थी इथेच भेटतो. ते मजेत फिरत राहिलं, तर पेडल लगेच दाबा आणि हा प्रयोग शेजाऱ्याला दाखवायला पुन्हा करू नका. दर खेपेला प्लेटवरचं उरलंसुरलं घर्षणाचं अस्तर जळतं.

पण थांबा, प्लेट काढण्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला धावू नका. केबलवाल्या क्लचमध्ये अस्तर झिजलं की क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं (तिच्या स्प्रिंगची पाती) बाहेर सरकतात, केबलचा मोकळा खेळ, म्हणजे ढिलेपणा, संपतो आणि पाय काढला तरी क्लच किंचित दाबलेलाच राहतो. मग तो घसरणार नाही तर काय करणार? पेडलला साधारण १० ते २५ मिलिमीटर खेळ हवा. नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. केबल सैल करून गाडी सुधारली, तर संन्याशाची फाशी टळली. हायड्रॉलिक क्लच मात्र झीज स्वतःच भरून काढतो. तिथे पेडल किती वर पकडतं यावरून भविष्य सांगणारे ज्योतिषी सोडून द्यावेत.

रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असेल, तर तक्रार उलटी आहे. प्लेट घसरत नाही, ती सुटतच नाही. पेडल भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर गिअर गुपचूप पडला, तर हायड्रॉलिक क्लचच्या तेलात हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलं आहे. आणि आवाज? पेडल दाबल्यावर सुरू होतो तो प्रेशर प्लेटची बोटं ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगचा. पाय काढल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो तो बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचप्लेट ज्यावर बसते त्या दांड्याच्या) बेअरिंगचा. या दोघांची गल्लत झाली, की नवा क्लच टाकूनही जुना आवाज घरी परत येतो.

निदान पक्कं झालं, आता उतरवणं. जॅकच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणं यावर मी विनोद करणार नाही. स्टँड लावा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत साधारण असं चालतं: बॅटरीची निगेटिव्ह तार, गिअरऑइल (दोनेक लिटर निघतं), ड्राइव्हशाफ्ट, स्टार्टर, केबल, गिअरचे दांडे, इंजिनाला खालून आधार, माउंटिंग, आणि मग बेल हाऊसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या तोंडाचे) बोल्ट. त्यातला एक बोल्ट हाताला लागतो तेव्हा डोळ्याला दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा पाना पोचत नाही. बोल्टांच्या लांब्याही वेगवेगळ्या असतात, म्हणून पुठ्ठ्यावर आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा.

गिअरबॉक्स ३० ते ४० किलोचा असतो. तो छातीवर झेलण्याचं शौर्य दाखवू नये, दुसरा माणूस बोलवावा. शाफ्टच्या रेषेत सरळ ओढा. त्याचं वजन शाफ्टवर लटकलं की प्लेटचा मधला हब वाकतो.

एवढा डोंगर पोखरून निघणारा उंदीर म्हणजे २०० मिलिमीटरच्या आसपासची प्लेट. तिचे रिव्हेट जवळजवळ पृष्ठभागाला आले असतील, तर तिचं आयुष्य संपलं. अस्तर जाड आहे पण तेलकट आहे, तर गुन्हेगार तेल अडवणारं ऑइल सील. ते आत्ताच बदला, नाहीतर नवी प्लेटही तेलात न्हाईल. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या ज्या जड चाकावर प्लेट दाबली जाते त्यावर, निळे डाग, भेगा पाहा. धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा; जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. ‘बेअरिंग अजून फिरतंय की’ हे वाक्य म्हणणाऱ्यालाच पुढच्या वेळी गाडीखाली पाठवावं.

बसवताना प्लेटची बाजू दोनदा वाचा. ‘फ्लायव्हील साइड’ असं तिच्यावर बहुधा छापलेलं असतं, आणि तरीही ती उलटी बसते. उलटी बसलेली प्लेट सगळी गाडी जोडून होईपर्यंत अवाक्षर काढत नाही. हात स्वच्छ ठेवा. ग्रीसचं एक बोट अस्तरावर उमटलं, की गाडी सुटताना थरथरते. प्लेट अलाइनमेंट दांड्याने मधोमध धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा करत आवळा आणि शेवटी टॉर्क पान्याने. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस नखावर मावेल एवढंच. गिअरबॉक्स शेवटचे १० मिलिमीटर अडला, तर बोल्ट आवळून ओढू नका, हाऊसिंगचा कान तुटतो. शाफ्ट थोडा फिरवा, तो आपणहून आत जातो.

पहिले ४००-५०० किलोमीटर नव्या क्लचला सांभाळा. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणं तर नकोच. आणि निघायच्या आधी गिअरऑइल परत भरा. विसरलात, तर गिअरबॉक्स लवकरच पुन्हा खाली येईल, फक्त त्या वेळी क्लचसाठी नाही.