‘एकट्याला चाळीस फुटीच हवी’ हे गणित कुठे चुकतं

शिडाच्या बोटीने एकट्याने महासागर ओलांडू पाहणाऱ्यांमध्ये एक यादी हातोहात फिरते. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. बोट चाळीस फुटांच्या खाली नको, मोठी तेवढी सुरक्षित. पोलादी मिळाली तर सोन्याहून पिवळं. कील, म्हणजे बोटीच्या तळाचा वजनदार कणा, लांबच हवी; आखूड, पंखासारखी फिन कील गळून पडते. डोलकाठ्या दोन हव्यात. सगळे दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या खोलगट जागेपर्यंत, आणलेले हवेत. आणि आपोआप सुकाणू धरणारा चांगला ऑटोपायलट बसवला की निवांत झोपा.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर यादी मरत नाही. पण बोटीवर माणूस एकच आहे आणि तो दोन रात्री धड झोपलेला नाही, हे यादी करणाऱ्याने कुठेच धरलेलं दिसत नाही.

‘चाळीस फुटांच्या खाली नको’

आधी खरं ते मान्य करू. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने बोटी उलटल्या, त्यानंतर नमुना-बोटींवर चाचण्या झाल्या. बाजूवर येऊन फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या ३० टक्क्यांच्या घरात उंच असली तर काही बोटी उलटतात; ६० टक्के असली तर जवळजवळ सगळ्याच. म्हणजे ३२ फुटीला साडेनऊ फुटांची लाट धोक्याची, ४० फुटीला बारा फुटांची. लांबी कामी येते, यात वाद नाही.

वाद आहे तो या अडीच फुटांसाठी काय मोजावं लागतं यावर. घडण तीच ठेवून लांबी सव्वापट केली की वजन जवळपास दुप्पट होतं. प्रत्यक्षातल्या बोटींत वाढ थोडी कमी: ३२ फुटी क्रूझर साधारण साडेपाच-सहा टनांची, तिची शिडं ४५ ते ५० चौरस मीटर. ४० फुटी नऊ-दहा टनांची, शिडं ७५ ते ८०. त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १५ नॉटचे (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) ३० झाले की चौपट. दोर ओढायची मोठी विंच बसवता येते, विजेवरचीही बसवता येते. पण ती बंद पडल्यावर काय, याचा हिशेब आधी करायचा असतो.

नांगराचंच बघा. खोली २० मीटर, रात्री वारा फिरला, मागे किनारा, आणि नांगर उचलायची विंडलास मेली. ३२ फुटीवर १५ किलोचा नांगर आणि ८ मिमीची साखळी, मीटरला साधारण १.४ किलो. नांगर तळापासून सुटला की हातावर लोंबतं ते सुमारे ४३ किलो. ४० फुटीवर २५ किलोचा नांगर, १० मिमीची साखळी, मीटरला २.२ किलोच्या पुढे: ७० किलोच्या आसपास. पाण्यात ते थोडं हलकं लागतं, पण वाऱ्याने मागे रेटलेल्या बोटीचा ताण त्यावर वेगळा. इंजिनाने बोट हळूहळू पुढे सरकवून साखळी सैल करायला कॉकपिटमध्ये दुसरा माणूस नाही. एकटा माणूस नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसतो, लाटेवरून नाळ खाली आली की सैल झालेली हात-दीड हात साखळी ओढतो, नाळ वर जाताना ती स्टॉपरच्या खिटीत अडकवतो, आणि पुन्हा तेच. ४३ किलोला हे जमतं. ७० किलोला पाठ धरते, किंवा हाताचं बोट साखळीखाली सापडतं.

धक्क्याला लागतानाही तेच. सहा टनांची बोट एकटा माणूस दोराने थोपवू शकतो. दहा टनांची, उंच बाजूंची बोट आडव्या वाऱ्यात त्यालाच ओढत नेते. एकट्याचा उपाय एकच, आणि कुठल्याही लांबीला तोच: बोटीच्या मध्यावरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) आखूड दोर बांधायचा, दुसऱ्या टोकाला फासा. तो मध्यापासून थोडा मागे असलेल्या धक्क्यावरच्या खुंट्यात टाकायचा, इंजिन सावकाश पुढे, सुकाणू असं की नाळ धक्क्यापासून दूर वळू पाहील. बोट त्या एका दोरावर धक्क्याला चिकटून उभी राहते आणि बाकीचे दोर सावकाश बांधता येतात. म्हणून बोट बघायला गेल्यावर मध्यावर दणकट क्लीट आहे का आणि कॉकपिटमधून तिथे दोन पावलांत पोचता येतं का, हे आधी बघा. सोफ्याचं कापड नंतर.

‘मोठी बोट वेगाने जाते, वादळात कमी सापडते,’ हेही सांगितलं जातं. पाण्यरेषेच्या, म्हणजे बोट पाण्याला टेकते त्या भागाच्या, लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४, असा नॉटमधल्या कमाल वेगाचा ठोकताळा आहे. २५ फुटी पाण्यरेषेला ६.७ नॉट, ३२ फुटीला ७.६. पण एकटा माणूस रात्री शिडं आखडूनच झोपतो, त्यामुळे हा फरक कागदावर राहतो. समजा सरासरी ५ ऐवजी ६ पडली. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतच्या २,७०० सागरी मैलांत चार दिवसही वाचत नाहीत.

लांबी वाढवायचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते यादीत नाही: सामान. माणशी रोज ४ लिटर धरले तर ३० दिवसांचे १२० लिटर. निम्मं जादा धरून १८० लिटर पाणी. त्यावर अन्न, डिझेल, हत्यारं, सुटे भाग, दुसरा नांगर. टन कधी झाला कळत नाही. मध्यम घडणीची ३२ फुटी बोट टनामागे सहाएक सेंटिमीटर खाली बसते आणि चालत राहते. शर्यतीसाठी घडवलेली हलकी ३४ फुटी तेवढ्याच वजनाने मंदावते. तेव्हा बोटीचं वजन आणि ती किती भार पेलते हे आधी विचारा, फूट नंतर.

इतिहास काढायचा तर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश खलाशी १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आला ती सुहाइली ३२ फुटी. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका वॉटसनने २००९-१० मध्ये एकटीने प्रदक्षिणेचे २१० दिवस काढले ते ३४ फुटीवर. यावर हमखास प्रश्न येतो: मग दिलीप दोंदे आणि अभिलाष टॉमी यांनी एकट्याने प्रदक्षिणा केली ती म्हादेई ५६ फुटी होती, ती कशी चालली? चाललीच. पण त्या दोघांच्या मागे नौदलाचं प्रशिक्षण होतं आणि बोटीच्या मागे किनाऱ्यावरची तयारीची यंत्रणा. स्वतःच्या खर्चाने निघणाऱ्याने यातलं काय आपल्याकडे आहे ते मोजावं. त्याच टॉमीने २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या प्रदक्षिणा-शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला तो रस्टलर बनावटीच्या ३६ फुटी बोटीवर.

‘पोलादीच घ्या’

खडकावर किंवा तरंगत्या कंटेनरवर आदळायचं असेल तर पोलाद उत्तम, हे निर्विवाद. पण ४ मिमीचा पत्रा चौरस मीटरला ३१ किलो भरतो, वर आतल्या फासळ्यांचं वजन. ३५ फुटांच्या खाली हे वजन बोटीला जड जातं आणि ते भरून काढताना कीलमधला भार कमी करावा लागतो.

शिवाय पोलाद आतून गंजतं. बाहेरचा रंग चकचकीत आणि साखळीच्या कप्प्याखाली, संडासामागे, टाक्यांच्या बुडाशी पत्रा अर्धा उरलेला, असं होतं. आत फोम फवारलेला असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घ्या, आणि मोजणाऱ्याला नेमक्या याच जागा दाखवा.

‘फिन कील गळून पडते’

पडल्या आहेत. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये चीकी राफिकी या चाळीस फुटी बोटीची कील निखळली आणि चारही जण गेले. पण लांब कील म्हणजे अभय असंही नाही. २०२२ मध्ये फिनलंडचा खलाशी तापिओ लेहतिनेन याची अस्तेरिया ही बोट, ३६ फुटी आणि लांब कीलची, हिंदी महासागरात मागच्या बाजूने पाणी शिरून काही मिनिटांत बुडाली. पाणी अडवायला आडव्या भिंती आहेत का, हा प्रश्न कीलच्या आकाराइतकाच मोठा आहे आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

लांब कीलचे गुण खरे आहेत. बोट रेषेत चालते, सुकाणूला पुढून कीलचा आधार असतो, आणि पुढचं शीड उलटं धरून सुकाणू बांधलं की ती शांत पडून राहते. एकट्याला ही विश्रांती सोन्यासारखी. तोटा: मागे जाताना ती कुणाचं ऐकत नाही, आणि हलक्या वाऱ्यात रेंगाळते. मधला मार्ग म्हणजे बेताची फिन कील आणि सुकाणूपुढे आधाराचं स्केग. एस अँड एस ३४ ही बोट अशीच आहे, आणि तिच्यावरून एकापेक्षा जास्त जणांनी एकट्याने प्रदक्षिणा केल्या आहेत.

वापरलेली फिन कील बोट घेताना ती पाण्याबाहेर काढायला लावा. पट्ट्यांवर लोंबत असताना आणि नंतर कील जमिनीवर टेकवल्यावर, दोन्ही वेळा कीलच्या मागच्या टोकाचा सांधा बघा. फट उघडझाप करत असेल तर बोट केव्हातरी खडकाला लागली आहे, विकणारा काहीही म्हणो. आदळल्यावर मागचं टोक वर रेटलं जातं आणि आतली फासळ्यांची जाळी बोटीच्या कवचापासून सुटते. ती लहान हातोडीने ठोकत जा: टणक आवाजाच्या मधेच भद्द आवाज आला की तिथे चिकटलेलं सुटलं आहे. मग सुकाणूचं खालचं टोक धरून हलवा. हाताला स्पष्ट खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं.

आणि बोटीचा स्थैर्य-आलेख मागा. किती अंशांपर्यंत कललेली बोट परत उभी राहते तो आकडा १२० च्या वर हवा. रडार, गुंडाळलेलं पुढचं शीड, डोलकाठीच्या आत गुंडाळणारं मोठं शीड, असं उंचावर चढवलेलं प्रत्येक किलो हा आकडा खाली आणतं.

‘डोलकाठ्या दोन हव्यात’

विंच कमजोर होत्या त्या काळचा हा सल्ला. जोराच्या वाऱ्यात मोठं शीड उतरवून पुढचं आणि मागचं ठेवता येतं, हा फायदा आजही आहे. पण डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा, टर्नबकल, चेनप्लेट यांची संख्या फुगते, आणि मागची डोलकाठी वाऱ्यावर सुकाणू धरणाऱ्या विंडव्हेनच्या वाऱ्यात उभी राहते. ३५ फुटांपर्यंत एक डोलकाठी आणि वादळी जिबसाठी (पुढच्या छोट्या शिडासाठी) काढता-घालता येणारा आतला फोरस्टे (पुढची तार) पुरेसा आहे.

‘सगळे दोर कॉकपिटमध्ये’

सगळे किंवा एकही नाही, असं म्हटलं तर ठीक. हॅलयर्ड (शीड चढवायचा दोर) कॉकपिटमध्ये आणि रीफचा (शीड आखडायचा) हुक डोलकाठीपाशी, ही सर्वांत वाईट रचना: रात्री दोनदा पुढे जा, दोनदा मागे या. रीफ घ्यायचा क्रम असा. बूम (शिडाखालचा आडवा दांडा) ओढून धरणारे मेनशीट आणि किकर सैल, बूमचा भार तिला वरून पेलणाऱ्या टॉपिंग लिफ्टवर. हॅलयर्ड खुणेपर्यंत खाली. पुढची रिंग हुकात. हॅलयर्ड पुन्हा ताठ. मगच मागचा रीफ-दोर विंचने बूमपर्यंत. मागचा दोर आधी ओढला तर कापड फाटतं. हे सगळं एका जागी उभं राहून व्हायला हवं. ती जागा डोलकाठीपाशी असेल तर तिथे कंबरेला टेकू देणारा लोखंडी कठडा हवा. दोर कॉकपिटमध्ये आणले तर प्रत्येक वळणाला पुलीचं घर्षण वाढतं आणि तिसरा रीफ नेमका गरजेच्या वेळी अडतो.

‘ऑटोपायलट लावा आणि झोपा’

विजेचा ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर घेतो असं धरा: दिवसाला ९६ अँपिअर-तास. २०० वॅटचे सौर पॅनेल शिडांच्या सावलीत चांगल्या दिवशी साठ-सत्तर देतात. ढगाळ आठवड्यात तूट इंजिनाने भरायची, आणि इंजिन रुसलं की हातात सुकाणू.

वाऱ्यावर चालणारं विंडव्हेन वीज खात नाही. पातं कललं की पाण्यातलं वल्हं फिरतं, पाण्याचा प्रवाह वल्ह्याला बाजूला ढकलतो, आणि त्याचे दोर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ओढतात. बोट जितकी वेगात, तितका जोर जास्त. त्याचीही दुखणी आहेत. मागून हलका वारा असेल तर पात्याला काही लागतच नाही. वारा फिरला की बोटही फिरते, किनाऱ्याजवळ हे घातक. आणि तेही मोडतं: २०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये आघाडीवर असलेल्या सायमन कर्वेनला दुरुस्तीसाठी चिलीला जावं लागलं ते यामुळेच. म्हणून दोन्ही हवेत, सुट्या भागांसह.

बोट निवडताना याचा संबंध असा: हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर दोर ओढणारं हे विंडव्हेन नीट चालत नाही, स्वतःचं वेगळं सुकाणू असलेलं महागडं लागतं. मध्य-कॉकपिटच्या चाळीस फुटींवर बहुधा हायड्रॉलिकच असतं. मागे डिंगीचे (छोट्या होडीचे) हूक, सौर कमान, पोहायची फळी असेल तर विंडव्हेनला जागाच उरत नाही.

आणि झोप. टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम सतत पहारा मागतो. एकटा माणूस तो पूर्णपणे पाळूच शकत नाही, हे मान्य करूनच निघायचं. २० नॉटने समोरून येणारं जहाज आणि तुमचे ५ नॉट: आठ मैलांवर दिसलेलं जहाज १९ मिनिटांत अंगावर. वीस मिनिटांचा गजर लावायची रीत इथून आली. एआयएस, म्हणजे जहाजांची जागा एकमेकांना रेडिओवरून कळवणारं यंत्र, हवं ते प्रक्षेपण करणारंच, गजराचा कर्णा उशाशी. मासेमारीच्या कित्येक बोटींवर एआयएस नसतं, तेव्हा किनाऱ्याच्या पट्ट्यात झोपच नको. झोपायची जागा शिडीच्या पायथ्याशी, अरुंद, बाजूला कापडी आडोसा असलेली. मोठ्या बोटीचा ऐसपैस हॉल बंदरात छान. समुद्रात तिथे माणूस तीन मीटर फेकला जातो.

ऑटोपायलटचा शेवटचा मुद्दा यादीत कधीच नसतो. तो बोट चालवतच राहतो. तुम्ही पाण्यात पडलात तर ६ नॉटची बोट सेकंदाला तीन मीटर दूर जाते. म्हणून डेकवर ताणायचा सुरक्षा-पट्टा मध्यरेषेवर बांधा आणि स्वतःला त्याला बांधायची दोरी एक मीटरची, कठड्यापलीकडे पोचणारच नाही अशी.

चाचणी-फेरीत विकणाऱ्याला गप्प बसायला सांगा आणि मुख्य स्विच बंद करा. एकट्याने मोठं शीड चढवा, दोन रीफ घ्या. वाऱ्याच्या तिरप्या दिशेने जाताना टिलर सोडून मिनिटभर बघा: बोट झटकन वाऱ्याकडे तोंड फिरवत असेल तर तिला कुठलंच विंडव्हेन सांभाळणार नाही. शेवटी पंधरा-वीस मीटर पाण्यात नांगर टाका आणि हाताने उचला. दम लागून मधेच सोडावा लागला, तर चार फूट आखूड बोट शोधा.