इंजिन उतरवलं नाही, मग मजुरी कशाची? – तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

ठाण्यातल्या आमच्या गॅरेजमध्ये तुमच्या गाडीचा ऑइल पंप (इंजिनभर ऑइल फिरवणारा पंप) बदलला, त्यावरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. संध्याकाळी देतो सांगितलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली आणि मधे आमच्याकडून फोन गेला नाही, याबद्दल माफी मागतो. पण पुढे तुम्ही लिहिलंय, "इंजिन खाली उतरवलंच नाही तरी 8,500 मजुरी लावली. 400 रुपयांच्या ऑइल स्विचमध्ये काम झालं असतं. वागळे इस्टेटला जाऊ नका, लुटतात." हे वाचणारा नवीन माणूस आमच्या शटरपर्यंत येणारच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीचं मॉडेल आणि नंबर इथे देत नाही.

आधी स्विचचं, म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी झालं की दिवा लावणाऱ्या सेन्सरचं. ऑइलचा लाल दिवा लागला की पहिला संशय स्विचवरच घ्यायचा, तो आम्हीही घेतला. स्विच काढला आणि त्याच भोकात प्रेशर मोजायचा मेकॅनिकल गेज लावला. स्विच टेबलावर पडलेला असताना तो खरा की खोटा हा प्रश्नच उरत नाही. इंजिन पूर्ण गरम, आयडलला (रेस न देता) ऑइलचं प्रेशर 0.3 बार, 3000 आरपीएमला 1.2 बार. या इंजिनाला गरम आयडलला निदान 1 आणि 3000 ला 3 बारच्या आसपास पाहिजे. गेजचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, त्यावर तुमचा अंगठाही आला होता.

प्रेशर कमी म्हणजे पंपच गेला असंही आम्ही धरून चाललो नाही. बेअरिंग झिजून गॅप वाढला असेल तर प्रेशर तिथेच पडतं, मग नवा पंप लावून पैसे पाण्यात जातात. म्हणून चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवल्यावर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका बिग एंड आणि एका मेन बेअरिंगची कॅप खालूनच खोलून प्लास्टिगेजने (दाबून चपटी झाली की गॅप दाखवणारी मऊ तार) गॅप मोजला. 0.04 मिमी, म्हणजे ठीक. मग पंप ज्यातून ऑइल ओढतो ती गाळणीची जाळी बघितली. ती काळ्या गाळाने अर्ध्याहून जास्त बुजलेली होती. पंपाला ऑइल कमी मिळत होतं आणि जे मिळत होतं त्यातून कार्बनचे बारीक कण पंपाच्या आतल्या फिरत्या रोटरमध्ये जात होते. स्टीलची पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) रोटरचा साइड गॅप मोजला तर 0.22 मिमी भरला, मर्यादा 0.15 ची. जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर त्याच्या भोकात अर्धवट उघडा अडकलेला. नुसता व्हॉल्व्ह अडकला असता तर साफ करून बसवला असता, हजारेक रुपयांत काम. पण पंपाच्या बॉडीलाच चरे पडले होते. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जुना पंप आणून लावणारेही आहेत. तो आतून किती झिजलाय हे कोण सांगणार, म्हणून आम्ही लावत नाही.

आता मजुरी, कारण खरं बोचलं ते हेच. या इंजिनात पंप टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या बाजूचं झाकण) आत, थेट क्रँकवर बसतो. कव्हर निघाल्याशिवाय पंप दिसतसुद्धा नाही. इंजिन उतरवलं नाही म्हणजे एसीचा गॅस सोडला नाही, दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स, वायरिंग आणि रेडिएटरचे पाइप तसेच राहिले. तेवढी तुमची बचत. उतरवून केलं असतं तर नुसती मजुरी 15,000 आणि वर एसीचा गॅस. पण बाकीचं सगळं करावंच लागतं. उजवं चाक, आतला प्लास्टिकचा गार्ड, बेल्ट, सायलेन्सरचा पुढचा पाइप, चेंबर, टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण), उजवं फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं तो आधार). एरवी फाउंडेशन काढताना चेंबरखाली लाकूड ठेवून जॅक लावतात. इथे चेंबरच खाली उतरलेलं, म्हणून इंजिन वरून सपोर्ट बारला लटकवावं लागतं. क्रँक पुलीचा बोल्ट आणि बाजूचा पत्रा यांत चार बोटं जागा. इम्पॅक्ट गन आत जात नाही, फ्लायव्हील लॉक करून लांब दांड्याने सोडवायचा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे, लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर ब्लॉक फुटतो, म्हणून पुठ्ठ्यावर नकाशा काढून त्यात टोचून ठेवतात. शेवटचे दोन काढायला इंजिन कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली घ्यावं लागतं. खरं सांगायचं तर उघड्यावर उभ्या केलेल्या इंजिनावर हे काम सोपं असतं. गाडीतच ठेवून करायचं म्हणजे पलंगाखाली झोपून सुईत दोरा ओवणं.

उशीर सिलिकॉनमुळे झाला. कव्हर आणि चेंबर दोन्हीला गॅस्केट नाही, लिक्विड सीलंटची 3 मिमीची सलग रेघ मारायची आणि ती सुकायच्या आत बसवायचं. जास्त लावलं तर आतल्या बाजूला गुठळ्या सुटतात आणि पुन्हा त्याच जाळीत जाऊन बसतात. लावल्यावर रात्रभर तसंच ठेवून सकाळी ऑइल भरलं. संध्याकाळीच भरून दिली असती तर महिन्याभरात तुमच्या पार्किंगमध्ये डाग पडला असता आणि रिव्ह्यू तेव्हाही आलाच असता. पंप बसवताना त्यात ऑइल भरून बसवला, इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गेजचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारला, मगच चालू केली. गरम आयडलला 1.4, 3000 ला 3.6 बार. हाही फोटो तुमच्याकडे आहे.

एक गोष्ट लिहायची नव्हती. फोनवर तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, दिवा लागलाय तर चालवू नका, टोइंग करा. तुम्ही कासारवडवलीहून घोडबंदर रोडने, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून चालवत आणलीत. प्रेशर सगळ्यात कमी असतं ते आयडललाच, आणि तिथे गाडी आयडललाच उभी असते. बेअरिंग वाचली हे नशीब. शिवाय आत 20डब्ल्यू-50 हे जाड ऑइल होतं, इंजिनाला लागतं 5डब्ल्यू-30. जाड ऑइलने दिवा थोडे दिवस विझतो, पण सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर ते अर्धवट बुजलेल्या जाळीतून वर यायलाच वेळ लागतो, आणि तोवर सगळं कोरडं फिरतं.

यापुढे मोठ्या कामाची मजुरी आधी लिहून देऊ, उशीर होणार असेल तर फोनही करू. तुमचा जुना पंप आणि ती जाळी पिशवीत बांधून ठेवली आहे. रविवार सोडून केव्हाही या, ज्यांनी स्विच सांगितला त्या मेकॅनिकलाही घेऊन या, फिलर गेज आम्ही देतो. आणि रिव्ह्यू ठेवा नाहीतर काढा, पण 1,000 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर नक्की बदला, कारण वरच्या भागातला उरलेला गाळ नव्या ऑइलबरोबर सुटून खाली येतो. तेव्हाची मजुरी घेणार नाही, फक्त 3.5 लिटर ऑइल आणि फिल्टरचे पैसे.