खेळाची परंपरा नाही म्हणता? मग हे वाचा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर माझ्या चार ग्रुपांवर फिरून आला. ‘मराठवाड्यातल्या विद्यापीठांना खेळाची परंपराच नाही. इथली पोरं पळतात ती भरतीसाठी, खेळतात ती ग्रेस गुणांसाठी. जे चमकले ते पुण्याला जाऊन. दुष्काळी भागाला खेळ परवडत नाही. क्रीडा विभाग बंद करा, त्या पैशांत अभ्यासिका काढा.’ मी विद्यापीठाकडून खो-खो खेळले आहे आणि आज शाळेतल्या पोरींना तोच खेळ शिकवते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

परंपरेचं आधी. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आपलं छत्रपती संभाजीनगरचं २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं आणि नांदेडचं १७ सप्टेंबर १९९४ ला. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, पदवीसाठी पोरं हैदराबादला जात. शंभर वर्षं उशिरा सुरुवात झालेल्या घरात जुन्या ढालींनी भरलेलं कपाट शोधू नका. परंपरा बघायची तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर या. क्रीडा शिक्षक स्वतः दोरी धरून फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, मारत असतात, पोरी रात्रीच्या एसटीनं येऊन पायऱ्यांवर डबे सोडत असतात. विद्यापीठाच्या संघात निवडल्यावर मिळणारा कलर कोट मिळवलेली खेळाडू पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजच्या नव्या पोरींना पोलवर वळायला शिकवते. मलाही अशाच एका ताईनं शिकवलं. माझा कोट अजून कपाटात आहे.

आता भरती. हा मुद्दा हिणवण्यासाठी लिहिलाय, म्हणून यावर जरा थांबते. धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेतलं धावणं त्याला सापडलं ते सैन्यातच. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचा, १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये रौप्य मिळवलं, पहिल्या क्रमांकापासून फक्त पाच शतांश सेकंद मागे. १९९४ नंतर त्या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणाला पदकच मिळालं नव्हतं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. भरतीसाठी पळणारं पोरगं कुठवर जाऊ शकतं, ते यावरून बघा.

यावर तुम्ही म्हणाल, मग साबळेला विद्यापीठानं नाही, सैन्यानं घडवलं. मान्य. पण त्यातून विभाग बंद करा असं निघत नाही, उलटंच निघतं. भल्या पहाटे कॉलेजच्या मैदानावर सोळाशे मीटरची तयारी करणारी पन्नास पोरं रोज असतात. त्यांच्यासाठी कुणी स्टॉपवॉच धरत नाही, पाचशे मीटरनंतर कोण दमत नाही हे कुणी टिपून ठेवत नाही. ते काम क्रीडा विभागाचं. त्यासाठी माणसं वाढवा म्हणा, मी तुमच्या सोबत आहे.

‘पुण्याला जाऊन चमकले’ हे वाक्य वाचून मला राहुल आवारे आठवला. पाटोद्याचा मल्ल, २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलचा सुवर्णविजेता, २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. तो पुण्याच्या तालमीत घडला हे खरंच. पण तिथं त्याला घडवलं कुणी? रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार मामांनी, आणि त्यांच्यानंतर काका पवारांनी. बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, काका पवारही लातूर जिल्ह्यातलेच. म्हणजे बीडच्या पोराला लातूरच्या वस्तादांनी घडवलं, माती फक्त पुण्याची होती. आपली माणसं बाहेर जाऊन शिकवतात याचा अर्थ इथं विद्या नाही असा होत नाही. इथं तालीम चालवायला पाठबळ नाही, एवढाच होतो.

ग्रेस गुणांवर फार लिहीत नाही. शिबिर आणि परीक्षा एकाच आठवड्यात आलेल्यांना विचारा, ते गुण फुकटचे वाटतात का. बोगस प्रमाणपत्रं निघाली हे खरं आहे, त्याची चीड खेळाडूंनाच सगळ्यांत जास्त. नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणातली जागा त्यात आमचीच जाते.

दुष्काळाला खेळ परवडत नाही म्हणता? खो-खोला लागतात दोन खांब, फक्की आणि जमीन. म्हणूनच तो धाराशिवला रुजला. इथल्या सारिका काळेनं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाचं नेतृत्व करून सुवर्ण आणलं, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. एक गोष्ट मात्र कबूल करते : आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि आमच्या पोरी मातीवर सराव करून जातात. मातीत पाय रुततो, मॅटवर तो धरतो. वळताना गुडघ्यावर येतं. ही खरी अडचण आहे, तिच्यावर लिहा.

राहता राहिली अभ्यासिका. ती हवीच, पण मैदान मोडून नको. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना निवड झाली, स्पर्धा राज्याबाहेर होती. आमच्या घरातली एकही मुलगी तोवर एकटी मुक्कामाला गेली नव्हती. आई गप्प होती. दादांनी हातातला कागद दिव्याखाली धरला, वर छापलेलं विद्यापीठाचं नाव मोठ्यानं वाचलं, खालच्या गोल शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कागदाची घडी करून माझ्या हातात देत म्हणाले, ‘विद्यापीठ बोलवतंय म्हणल्यावर जा.’ क्रीडा विभाग बंद केलात तर ते पत्र कोण पाठवणार, तेवढं त्या मजकुरात लिहायचं राहिलंय.