गुळवेलीच्या काढ्याने यकृत साफ होतं, हे कुठे सिद्ध झालंय?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: "गुळवेल आणि भुईआवळ्याचा काढा रोज प्या. सूज उतरते, यकृत साफ होतं, हे संशोधनाने सिद्ध झालंय. नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही. औषध कंपन्या हे लपवून ठेवतात." लोक त्यावर विसंबून काढा उकळतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"सिद्ध झालंय." कोणावर? बहुतेक वेळा उंदरांवर. सुजेच्या चाचणीत उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन हा समुद्री शेवाळातला पदार्थ टोचतात आणि पंजा किती फुगतो ते काही तास मोजत राहतात. यकृताच्या चाचणीत कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलचा मोठा डोस देऊन यकृत मुद्दाम बिघडवतात, मग यकृताला किती इजा झाली ते दाखवणाऱ्या रक्तातल्या एसजीपीटी आणि बिलिरुबिनच्या पातळ्या बघतात. खरी मेख इथे आहे. या दोन्ही रसायनांचं घातक रूप यकृतातली विकरंच (एन्झाइम्स) तयार करतात. वनस्पतीच्या अर्काने ती विकरं दाबली, तर विष तयारच होत नाही आणि यकृत वाचलेलं दिसतं! त्यात अर्क बऱ्याचदा विषाच्या आधीपासून सुरू केलेला असतो. दारूने किंवा चरबीने आधीच बिघडलेलं यकृत त्याने सुधारेल का, याचं उत्तर या चाचणीत नाही. शिवाय प्रयोगातला अर्क अनेकदा अल्कोहोलमध्ये काढून, उंदराच्या वजनानुसार मोजून दिलेला असतो. पातेल्यातला काढा ही वेगळी गोष्ट.

"कंपन्या लपवतात." भुईआवळ्याने हिपॅटायटिस बी हटतो, हा मद्रासच्या संशोधकांचा दावा १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नंतरच्या चाचण्यांत तसा परिणाम मिळाला नाही. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांवरचे त्यांचे चांगले निष्कर्षही प्रसिद्ध झाले. म्हणजे लपवलेलं काहीच नाही. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण ते ठरावीक आजारात, रुग्णालयाच्या देखरेखीखाली झालं होतं. धडधाकट माणसाने रोज काढा प्यावा, असं त्यातून निघत नाही.

"अपाय नाही." कोविडच्या काळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईतल्याच डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला सूज आलेले आढळले, आणि त्यांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसऱ्या जातीची वेल गुळवेल समजून घेतली गेली असेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. बाजारात वेलींची सरमिसळ होऊ शकते, हे खरंच. पण म्हणजे विकत घेतलेली कांडी नेमकी कसली, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं त्यातल्या अनेकांत होती.

त्यामुळे थायरॉइडचा किंवा सांध्यांचा ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असलेल्यांनी हा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि कोणीही घेत असाल आणि लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवा, एसजीपीटी-बिलिरुबिन करून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना ती कांडी किंवा बाटली सोबत न्या.