चेंडू, शिस्त आणि खुर्चीचे बूट

सर, नमस्कार.

‘चाळीस खुर्च्यांच्या एकशे साठ पायांना रबरी बूट कशाला? जुने टेनिसचे चेंडू कापून बसवा, फुकटात काम होतं. नाहीतर मुलांना खुर्ची उचलायला शिकवा. लेख दुकानदाराने लिहिल्यासारखा वाटला,’ असं तुम्ही, वर्गातल्या खुर्च्यांची करकर थांबवायला पायांना रबरी बूट बसवा या माझ्या लेखावर लिहिलंत. दुकान माझं नाही हो. बोहरी आळीत उन्हात उभं राहून बुटांची मापं जुळवणारं मी गिऱ्हाईक.

चेंडू आम्हीही लावले होते. जूनभर वर्गात अशी शांतता की बाई स्वतःच दचकायच्या. मग जुलै लागला. मैदानावरचा चिखल मुलांच्या बुटांबरोबर वर्गात आला, वाळला, आणि त्यातली रेती चेंडूंच्या लोकरीत जाऊन बसली. रेती म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोहस् मापावर ७. आमची शहाबादी फरशी म्हणजे चुनखडी, जेमतेम ३-४. म्हणजे प्रत्येक खुर्चीखाली चार पॉलिशपेपर आम्ही हौसेनं बांधले होते! गणपतीपर्यंत फरशीवर पांढुरके ओरखडे उमटले, ते अजून आहेत. शिवाय चेंडूच्या रबरात लॅटेक्स असतं, काही मुलांना त्याची अ‍ॅलर्जी असते.

शिस्तीचं म्हणाल, तर आमच्याकडेही भिंतीवर पाटी आहे: ‘खुर्ची उचला, ओढू नका.’ सातवीतली मुलं ऐकतात, हे कबूल. पण दुसरीतलं पोर मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर खुर्ची उचलेल, ही अपेक्षा तुम्ही तीस वर्षं शिकवूनही धरता याचं कौतुक वाटतं. जुन्या जोडबाकांचा असा आवाज होत नव्हता, हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. बाक जड, तो हलतच नव्हता. गटात बसून शिकायचं ठरलं आणि खुर्च्या आल्या.

ओढताना पाय फरशीला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, सेकंदात शेकडो वेळा. त्यात पोकळ पाइप पिपाणीसारखा वाजतो आणि स्लॅबमधून खालच्या वर्गालाही ऐकू जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शिकेत शिकवताना वर्गातल्या आवाजाची मर्यादा ३५ डेसिबल आहे. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला तर बाईंच्या आवाजाबरोबर ती करकरही मोठी होऊनच ऐकू येते.

तुमच्या शाळेत शहाबादी असेल तर पायावर बाहेरून चढणारे रबरी बूट घ्या, आत लोखंडी वायसर टाकून. वायसर नसला तर पाइपची धार काही महिन्यांत रबर कापून खाली येते. काळं रबर टाइल्सवर डाग सोडतं, म्हणून टाइल्स असतील तर राखाडी बघा. चिकटवायच्या नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या ओल्या पोच्यापुढे टिकत नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. माप पाइपच्या बाहेरच्या व्यासाचं घ्यायचं. मी पहिल्यांदा आतलं घेऊन गेलो होतो, आणि ते एकशे साठ बूट अजून माळ्यावर पडलेत. तुमच्या पायांना बसत असतील तर घेऊन जा, खरंच फुकट.