एसएमपीएसच्या पंख्यात खोबरेल टाकण्याआधी

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला, भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा. उन्हाळा लागला की त्याच्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो: "एसएमपीएसचा पंखा घोंघावतोय? पाच मिनिटांत बंद. झाकण उघडा, पंख्यात दोन थेंब खोबरेल टाका, त्याची लाल वायर १२ व्होल्टवरून काढून ५ व्होल्टला जोडा, मागची जाळी कापून टाका. तरी आवाज आला तर जास्त वॅटचा एसएमपीएस घ्या." यातलं थोडं खरं आहे, आणि जे खरं नाही त्यातलं काही जिवावर बेतणारं आहे.

"झाकण उघडा" हे तर असं सांगितलंय जणू डब्याचंच झाकण. आत येणारी २३० व्होल्ट एसी डीसी होताना ३२५ व्होल्टच्या घरात जाते. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढायला लावणारं) सर्किट असेल तर ३८०च्या आसपास. ही वीज मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावर तो लगेच रिकामा होईलच असं नाही. मल्टिमीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करता येत असेल तरच आत हात घाला, नाहीतर काम मेकॅनिककडे द्या.

आता खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. परभणीत थंडीत पारा १०च्या खाली जातो, तिथे सकाळी बेअरिंगमध्ये तेलाच्या जागी मेण असतं आणि पंखा अडकतो. उन्हाळ्यात तेच तेल तापून चिकट होतं, त्यात काळ्या मातीची बारीक धूळ बसते. जिनिंगच्या आसपास दुकान असेल तर सरकीचा तुसही. तेलच घालायचं तर शिलाई मशीनचं, एक-दोन थेंब, पंख्याच्या मधला स्टिकर उचलून. स्टिकरखाली तेल लागलं तर तो पुन्हा धरत नाही, मग तेल बाहेर उडतं आणि धूळ आत जाते. हा उपाय फक्त स्लीव्ह बेअरिंगच्या, म्हणजे दांडा साध्या नळीत फिरतो अशा पंख्याला, आणि तोही काही महिन्यांचा. बॉल बेअरिंग (छऱ्यांचं) घरघरायला लागलं की तेलाने काही होत नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर मारूच नका. तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो.

पंखा बदलायचाच तर आकारासोबत जाडीही मोजा. १२० मिमीचे पंखे बहुतेक २५ मिमी जाड असतात, पण सगळे नाही. लेबलवरचा अँपिअरचा आकडाही बघा: ०.३० अँपिअरच्या जागी ०.१० अँपिअरचा 'सायलेंट' पंखा बसवला तर शांतता मिळते, हवा मिळत नाही. हवेची दिशा उलटी होऊ देऊ नका.

५ व्होल्टची युक्ती कानाला फसवते. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हे खरंच. पण हवाही निम्मी होते आणि आतली उष्णता तेवढीच राहते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वरचा वीज साठवणारा याच जातीचा) तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या दुकानातली हवाच ४२-४३ अंशांची. जुना, जड झालेला पंखा ५ व्होल्टवर बऱ्याचदा सुरूच होत नाही. आवाज गेला म्हणून खूश व्हावं तर पंखाच थांबलेला असतो. बऱ्या एसएमपीएसमध्ये उष्णतेप्रमाणे पंख्याचा वेग बदलणारं सर्किट असतंच. दुपारी तो जोरात फिरतो, कारण त्याला फिरायचंच असतं.

जाळीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पत्र्यात ठोकून काढलेल्या बारीक भोकांच्या जाळीवर हवा सुसाट आवाज करते, तारेची गोल जाळी जास्त शांत. पण पत्रा जागच्या जागी कापला तर बोर्डावर पडणारा कीस शॉर्ट करतो. आणि जाळीच नसेल तर पालीला आयतं बिळ.

जास्त वॅटचं काय? छापलेल्या वॅटपेक्षा वाया जाणारी वीज मोजा. कॉम्प्युटरला २०० वॅट लागतात असं धरू. ७५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस त्यासाठी भिंतीतून सुमारे २६७ वॅट ओढतो, म्हणजे ६७ वॅट आतच उष्णता होते. ९० टक्क्यांचा ओढतो २२२, उष्णता २२ वॅट. पंख्याचं काम तिथेच हलकं होतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या, '४५०' छापलेल्या डब्यात अनेकदा पंखा थेट १२ व्होल्टवर असतो, लोड असो वा नसो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे धूळ. बहुतेक वेळा पंखा तिच्यामुळेच पळतो. प्लग काढा, कॅबिनेट अंगणात न्या, आइसक्रीमच्या काडीने पाती अडवून धरा आणि हाताच्या ब्लोअरने झोत मारा. पाती मोकळी सोडली तर ती झोताने भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून असेल तर कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नका.

आणि लोडशेडिंगमध्येच गुंगुं येत असेल, लाइट आल्यावर थांबत असेल, तर पंख्याला हात लावू नका. तो आवाज बहुधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या इन्व्हर्टरचा आहे.